गाडी ओढते का?

आमच्या घरात गाडीचं वेड आईला होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिकत सांगायला लागले की ऐकणारा हमखास बाबांकडे बघून हसतो आणि बाबांना दर वेळी "मी नाही हो, ही" असा खुलासा करावा लागतो. बाबांच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं आणि वर छप्पर. बँकेतला त्यांचा एक ऑस्ट्रेलियन सहकारी कायमचा मायदेशी निघाला होता. जाताना त्यानं "माझी गाडी घेतोस का?" असं विचारलं, आणि बाबांना कुणालाच नाही म्हणता येत नसल्यामुळे ते हो म्हणून बसले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "डिकी मोठी आहे. महिन्याचं सामान एका खेपेत येईल."

आम्ही खाली गेलो. सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या आमच्या ब्लॉकसमोरच्या कारपार्कमध्ये, दोन शहाण्यासारख्या पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये, एक लांबलचक, बुटकी, दोन दारांची, विटकरी रंगाची गाडी उभी होती. तिचं बॉनेट आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा मोठं होतं. वयानं ती माझ्याएवढीच, म्हणजे गाड्यांच्या हिशेबात म्हातारी. आईनं एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "सुरू करा." बाबांनी किल्ली फिरवली. तो आवाज कारपार्कच्या सिमेंटच्या छताला धडकून परत आला. आई डोळे मिटून ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, आठ सिलिंडर आहेत. तुम्हाला ठाऊक तरी आहे का, तुम्ही काय घेऊन आलाय?"

"डिकी बघितलीस का?" बाबा म्हणाले.

आईचं माहेर मिरजेचं. आजोबांचं तिथे ट्रकच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि आईचा शाळेचा अभ्यास बहुतेक एका जुन्या टायरवर बसून झाला होता. इंजिनाचा आवाज ऐकून आजोबा तिला विचारत, "सुधे, कुठला सिलिंडर रुसलाय?" आणि ती सांगे. पुढे तिचं लग्न बँकेतल्या माणसाशी झालं, ती सिंगापूरला आली आणि इतकी वर्षं तिच्या वाट्याला ऐकायला फक्त प्रेशर कुकर आला. तो तिनं फार बारकाईनं ऐकला. शिट्टी व्हायच्या आधीच ती सांगायची की आज रबर नीट बसलेलं नाही. आमच्या घरात आईचे शब्दही गॅरेजचे होते. मी अभ्यासात रेंगाळले की माझं "टायमिंग बिघडलं" असायचं. बाबा दमून आले की त्यांचं "रेडिएटर तापलं" असायचं. आणि सगळ्यांत लाडका शब्द होता ओढ. आजोबांच्या गॅरेजात इंजिनाच्या ताकदीला ओढ म्हणत. ट्रक चढावर जोमानं गेला की गाडी ओढते. धापा टाकायला लागला की गाडी ओढत नाही. मला तर कितीतरी वर्षं ओढ या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो हेच माहीत नव्हतं.

इथला परवाना आईकडे होताच, पण चालवायला गाडी नव्हती. आता रविवारी सकाळी सातलाच ती आम्हाला उठवायची. फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपीठं, लोणच्याची छोटी बाटली, थर्मासमध्ये चहा. आमच्या मजल्यावरचे एक चिनी आजोबा त्याच वेळी आपले पक्ष्यांचे पिंजरे कठड्याला टांगत असायचे. पक्षी शीळ घालायचे, लिफ्ट खणखणत यायची आणि आई खाली जाऊन गाडी सुरू करायची. ती लगेच निघायची नाही. इंजिन गरम होईपर्यंत आम्ही तिघं आत बसून थालीपीठ खायचो. गाडीला जुन्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास होता, त्यात मेथीच्या लोणच्याचा वास मिसळायचा. माझी चुलत भाची हल्ली विजेच्या गाडीतून मला फिरवायला नेते. गाडी सुरू झाली हे मला ती निघाल्यावर कळतं. फार छान गाडी आहे, पण तिच्यात बसून खावंसं वाटत नाही.

तर गाडी होती देखणी, पण ओढत नव्हती. कारपार्कच्या चढावरून वर येताना खोकायची. एक्सप्रेसवेवर शिरताना टॅक्सीवाले आम्हाला सरळ मागे टाकून जायचे आणि आईचा चेहरा पडायचा. "एवढं मोठं इंजिन," ती म्हणायची, "आणि चालतंय बघा कसं, पाहुण्यांकडे आल्यासारखं." शेवटी बाबांनी परवानगी दिली. बाबांच्या सगळ्या परवानग्या अटींसकट असत. "तीन गोष्टी करून घ्या," ते म्हणाले. "चौथी नाही. कुठल्या तीन, ते तुम्ही मायलेकी ठरवा."

मग महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. माझी परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, म्हणजे मला अक्कल सोडून सगळं होतं. लायब्ररीतून मी गाड्यांची मासिकं आणायचे. त्यांतल्या सगळ्या गाड्यांना मागे दोन जाडजूड नळ्या होत्या. मला एक्झॉस्ट हवा होता. इंजिन किती ओढतं याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. आमची गाडी कारपार्कमध्ये शिरली की दहाव्या मजल्यावर कळावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. बाबांनी सीटकव्हरचा विषय एकदा काढून बघितला आणि आमचे चेहरे बघून परत आमटी वाढून घेतली. आईचं मात्र पक्कं होतं. पहिलं रेडिएटर, कारण या हवेत जुन्या इंजिनाला जोर द्यायचा तर आधी ते थंड राहिलं पाहिजे. दुसरं इग्निशन, कारण जुनी ठिणगीच अशक्त होती. तिसऱ्याबद्दल ती म्हणाली, "तिसरं ब्रेक. ओढ वाढवायची तर थांबायची सोय आधी बघावी."

"अगं, ब्रेक चांगले लागतात की!" मी म्हणाले. "त्या ऑस्ट्रेलियन काकांनी नवीन केलेत म्हणून सांगितलं होतं ना?"

आई विचारात पडली. मग म्हणाली, "बरं. तान अंकलना विचारू. ब्रेक बघायला हवेत म्हणाले, तर तिसरं ब्रेक. नको म्हणाले, तर तुझा एक्झॉस्ट."

तान अंकलचं वर्कशॉप सुंगेई कडूतला, लाकडाच्या वखारींच्या मागे होतं. जुन्या गाड्यांवर हात चालणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. साठीचे, किडकिडीत, बनियनवर. आईचं इंग्रजी बाजारापुरतं, त्यांचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं, त्यामुळे मधे मी. या कामाचा मला मनापासून कंटाळा होता. लहानपणापासून मी आईची दुभाषी होते. शाळेत, दवाखान्यात, फ्लॅटच्या ऑफिसात. ती "काय म्हणाले?" विचारायची आणि पाच वाक्यांचं मी एक करून सांगायचे. कधी तेवढंही नाही. "काही नाही गं," म्हणायचे. आपल्या आईला कुणाचं बोलणं कळत नाही हे चारचौघांत दिसू नये, म्हणून मला सगळं झटपट उरकायचं असायचं. आज लिहितानाही याची लाज वाटते.

रेडिएटर आणि इग्निशन लगेच ठरलं. मग मी विचारलं, "अंकल, माय मदर आस्किंग, ब्रेक मस्ट चेंज ऑर नॉट?"

तान अंकल बॉनेटखाली वाकलेले होते. तिथूनच म्हणाले, "पुल ऑर नॉट?"

मला वाटलं, ते परत इंजिनाकडे वळले. मी आईला विचारलं, "गाडी ओढते का, विचारतायत."

"कुठली ओढतेय!" आई म्हणाली. "त्यांना सांग, अजिबात ओढत नाही. म्हणून तर आलोय."

"नो पुल, अंकल," मी म्हणाले. "टोटली नो पुल."

"वा, गुड लाह. देन ब्रेक ओके, नो नीड टच."

मला हर्ष झाला. आईकडे वळून म्हणाले, "ब्रेक ठीक आहेत म्हणाले. हात लावायची गरज नाही."

आई म्हणाली, "बघितले कधी त्यांनी?"

हा प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता. एका वाक्याचं काम होतं. पण मागच्या भिंतीवर चकचकीत एक्झॉस्टच्या नळ्या टांगलेल्या होत्या आणि माझं लक्ष तिथे होतं. "अगं, त्यांना नुसतं बघून कळतं," मी म्हणाले. "चल, तिसरं आपलं ठरलं."

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात सण होता. एक्झॉस्ट रीतसर परवानगीचा होता, त्यामुळे माझी अपेक्षा होती तेवढा आवाज काही झाला नाही, पण एक खोल, गळ्यातल्या गळ्यात गुरगुर आली. आणि गाडी ओढायला लागली! एक्सप्रेसवेवर शिरताना आईनं पाय दाबला की पाठ सीटला टेकायची. बाबा डाव्या सीटवर दाराची मूठ धरून "सुधा, आपल्याला कुठे पोचायचंय का?" असं विचारायचे. आई गाणं गुणगुणायची. बेचाळीस वर्षांची होती ती तेव्हा. तिला इतकं आनंदात मी त्याआधी बघितलं नव्हतं.

अपघात झाला तो भर दुपारी. आम्ही दोघी भाजीच्या मळ्यांकडून परत येत होतो, मागच्या सीटवर पालेभाजीच्या जुड्या होत्या. पुढे चाललेली टॅक्सी गिऱ्हाईक दिसलं म्हणून अचानक थांबली. आईनं जोरात ब्रेक दाबला. इतक्या जोरात ब्रेक दाबायची वेळ तोवर आलीच नव्हती. आणि गाडी थांबता थांबता एकदम डावीकडे वळली. फुटपाथवर चढली, बसस्टॉपजवळची कचऱ्याची पेटी उडवली आणि बाकावर बसलेल्या एका मलाय बाईंच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. त्या बाई ओरडल्यासुद्धा नाहीत. मांडीवरची पिशवी छातीशी धरून नुसत्या बघत राहिल्या. कुणालाच लागलं नव्हतं. गाडीचा एक दिवा फुटला होता, बंपर वाकला होता, बस्स. पण आई स्टिअरिंग धरून बसली होती आणि एकच म्हणत होती, "माझे हात वळले. मंजू, माझे हात वळले गं."

बाबा टॅक्सीनं आले. त्या बाईंची त्यांनी दहादा माफी मागितली, पोलिसांशी बोलले आणि आपल्या नेहमीच्या गोगलगायीच्या वेगानं गाडी घरी आणली. त्या वेगात गाडीनं काही खोड दाखवली नाही. आईला ते एक शब्द वावगं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तिचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "होतं असं. इतकी वर्षं सवय नव्हती. या वयात एवढी ताकदवान गाडी झेपत नाही, त्यात तुझा काय दोष?" त्यांना वाटत होतं ते तिला धीर देतायत. गाडीवर कापड घातलं गेलं, किल्ली बाबांच्या कपाटात गेली आणि त्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ गाडी विकत घ्यायला महिनाअखेरच्या रविवारी येतील असं ठरलं.

आईनं गरम पातेलं उचलायचं सोडलं. "मंजू, हे जरा उतरव," म्हणायची. विळी कपाटात ठेवून दिली आणि बोथट सुरीनं भाजी चिरायला लागली. बसमध्ये उभी राहिली तर दांडा दोन्ही हातांनी धरायची. दोन-तीनदा मी तिला खिडकीपाशी हात समोर धरून, ते हलतात का बघताना पाहिलं. एक दिवस म्हणाली, "मला डॉक्टरकडे ने. हातांच्या नसा तपासायच्यात." मी नेलं. मीच डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईला वाटतं, तिचे हात तिचं ऐकत नाहीत. त्यांनी तिला बोटं दाबायला लावली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं आणि सगळं उत्तम आहे, भीती बसलीये, असं सांगितलं. आईला ते पटलं नाही. बाहेर आल्यावर मला विचारते, "सगळं सांगितलंस ना मला? काही ठेवलं नाहीस?" आता मी सिंगापुरातच सेरंगूनला राहते आणि आई माझ्याकडेच असते. तिला दवाखान्यात नेते तेव्हा डॉक्टर तीन वाक्यं बोलले तर मी तीन वाक्यं सांगते. शेवटी "ओके आंटी, टेक केअर" म्हणाले तर तेसुद्धा सांगते.

मला मी काय करून ठेवलंय हे कळलं ते त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी. माझ्या स्वतःच्या ड्रायव्हिंग परवान्याच्या लेखी परीक्षेचं पुस्तक घेऊन टेबलाशी बसले होते. गाडीची निगा असं काहीतरी प्रकरण होतं, आणि त्यात एक ओळ होती की ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला 'पुल' करत असेल तर ब्रेक ताबडतोब तपासून घ्यावेत. मी ती ओळ वाचून पुढे गेले. मग परत मागे आले. पुल. बॉनेटखालून आलेला तान अंकलचा आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला. मी ब्रेकचं विचारलं होतं, त्यांनी ब्रेकचंच विचारलं होतं. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला खेचते का? आणि मी आजोबांच्या गॅरेजातली ओढ त्यांच्या गळ्यात मारून ठासून सांगितलं होतं, नाही, अजिबात नाही. समोर ओट्याशी आई पोळ्या लाटत होती. तेवढं तिचे हात अजून करत होते.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या दिवशी जेवणं होऊ देत म्हटलं, बुधवारी बाबांचा मूड बरा नव्हता, गुरुवारी आईचं डोकं दुखत होतं. खरं कारण मी घाबरले होते. आणि खोल कुठेतरी असंही वाटत होतं की रविवारी गाडी जाईल, विषय संपेल. आपण स्वतःशी किती स्वस्तात तडजोड करतो! पण शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा मोजा शिवायला आईनं सुई घेतली, दोरा ओवायला गेली आणि थांबली. सुई माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तूच ओव." डोळे तिचे तेव्हा माझ्यापेक्षा चांगले होते.

शनिवारी सकाळी बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, पुस्तक हातात धरून. आईनं गॅस बंद केला.

"त्यांनी नेमकं काय विचारलं होतं? शब्द सांग. जसेच्या तसे."

"पुल ऑर नॉट."

"आणि पुल म्हणजे ब्रेकचं खेचणं."

"हो."

"बाबांच्या गॅरेजात त्याला गाडी कानी मारते म्हणायचे," ती हळूच म्हणाली. म्हणजे तिच्या बाबांच्या. मग तिनं विचारलं, "तुला कळून किती दिवस झाले?"

"चार."

आईनं मला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशीही मारलं नाही. तिनं माझ्या हातातलं पुस्तक काढून घेऊन ओट्यावर ठेवलं. "चुकीचं सांगितलंस त्याचं काही नाही," ती म्हणाली. "शब्द आहे, चुकतो. मीसुद्धा चाक काढून बघितल्याशिवाय ऐकायला नको होतं. पण चार दिवस तू माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्यास मंजू, आणि हे हात धड आहेत एवढं मला सांगितलं नाहीस."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. ती पदर खोचून हॉलमध्ये गेली आणि बाबांना म्हणाली, "किल्ली द्या."

"अगं, उद्या ते गृहस्थ यायचेत."

"त्यांना येऊ नका म्हणून सांगा. नाहीतर संध्याकाळी सांगा. आधी किल्ली द्या."

वर्कशॉपपर्यंत ती वीसच्या वेगानं, रस्त्याच्या कडेकडेनं गेली. वाटेत मला एकच वाक्य बोलली. "तिथे तोंड उघडायचं नाही." तान अंकलसमोर ती उभी राहिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला माझ्याशिवाय बोलताना ऐकलं. "अंकल. आय ब्रेक हार्ड. कार गो लेफ्ट." मग दोन्ही मुठी हवेत स्टिअरिंगसारख्या धरून म्हणाली, "माय हँड, स्ट्रेट. ओन्ली कार गो लेफ्ट."

"आयो!" अंकल म्हणाले. "आय आस्क ऑलरेडी वॉट! युअर गर्ल से नो पुल!"

मी खाली बघत होते. आई म्हणाली, "माय लँग्वेज, पुल इज इंजिन. शी थिंक इंजिन. मिस्टेक." आणि जरा थांबून, "स्मॉल गर्ल." मी अठरा वर्षांची होते. तिनं माझ्यासाठी ते वय कमी केलं, आणि मला घरी रडले होते त्यापेक्षा जास्त रडू आलं.

अंकलनी पुढची दोन्ही चाकं काढली. उजव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप त्यांनी कापून आईच्या हातात दिला. बाहेरून तो ठणठणीत होता. आतून मात्र फुगून असा बुजला होता की काडीसुद्धा जाऊ नये. जोरात ब्रेक दाबला की डावं चाक लगेच धरायचं, उजव्याला तेल पोचेपर्यंत उशीर. आईनं तो पाइप डोळ्यापाशी धरून उजेडाकडे बघितलं, बराच वेळ. मग अंकलना म्हणाली, "ऑल न्यू. फोर व्हील." पाइप पलीकडच्याच गल्लीत बनवून मिळाले. पॅड आले, नवं तेल भरलं. दुपारी बाबा डबा घेऊन हजर झाले. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ते माझ्यावर रागावले नाहीत, पण आईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुधा, वयाचं मी उगाच बोललो."

"बोललात खरे," आई म्हणाली आणि त्यांच्या हातातला डबा घेतला.

संध्याकाळी पाचला काम झालं. वखारी बंद झाल्या होत्या, मागचा रस्ता लांबपर्यंत सरळ आणि मोकळा होता. तान अंकलनी आईला सांगितलं की स्वतःच बघून घ्या, मी येत नाही. मी तिच्या शेजारी बसले. बाबा म्हणाले, "मीही येतो." त्या गाडीच्या मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. तरी ते घुसून बसले. आईनं आरशात बघून मागे कुणी नाही याची खात्री केली, गाडी पहिल्यात टाकली, दुसऱ्यात, तिसऱ्यात. इंजिन मोकळेपणानं ओढत होतं. काटा साठावर आला. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ आत दुमडलेले होते. मग ती म्हणाली, "धरून बसा," आणि तिनं क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबले, आणि त्याच क्षणी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले.

टायर किंचाळले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी उभी होती, रस्त्याच्या मधोमध घातलेल्या पांढऱ्या रेघेला अगदी समांतर, बोटभरही इकडेतिकडे नाही. इंजिन हळू आवाजात चालू होतं. आईचे हात अजून हवेतच होते. तिनं ते उलटे केले, सुलटे केले, बोटं उघडली, मिटली. जराही हलत नव्हते. मग तिला रडू फुटलं, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखं.

तेवढ्यात मागून एक लॉरी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. मी म्हणाले, "आई, बाजूला घे ना." पण मागे बाबांची हालचाल झाली. आयुष्यात कधी कुणाची वाट न अडवलेला तो माणूस, गुडघे कसेबसे वळवून मागच्या काचेकडे फिरला आणि त्यानं हाताचा पंजा काचेवर टेकवून लॉरीवाल्याला थांबवून धरलं, आईचं आपले हात बघून होईपर्यंत.